पैठणीपासून ठिगळांच्या लुगड्यापर्यंत : नटसम्राट बालगंधर्व

स्नेहसंमेलन जवळ आले की घरोघरी एकच धावपळ सुरू होते. कुणाला शिवाजी महाराजांचा जिरेटोप हवा असतो, कुणाला जिजाऊंचे लुगडे, कुणाला कोळणीचा पोशाख. आई पेटीच्या तळाशी ठेवलेली साडी नाखुशीने बाहेर काढते आणि ती फाडू नकोस म्हणून दहा वेळा बजावते. रंगमंचावर अंगात घातलेले कापड माणसाला वेगळाच माणूस करून टाकते, हे तुम्हांला अनुभवाने ठाऊक आहे. या अंकात अशा एका कलावंताची ओळख करून घेऊ, ज्यांनी हे कापडाचे काम आयुष्यभर केले आणि त्यापायी मोठे कर्जही डोक्यावर घेतले. त्यांचे नाव नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो.

बालगंधर्वांची ओळख बहुतेकांना गायक म्हणून असते, आणि ते योग्यच आहे. पण त्यांच्या गाण्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण आज त्यांच्या कपडेपटाकडे पाहू. नाटक कंपनीत जिथे सारे पोशाख ठेवले जातात, नीट केले जातात आणि नटांना नेसवले जातात, त्या खात्याला कपडेपट म्हणतात. हा सुंदर मराठी शब्द आता कमी ऐकू येतो.

नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. राजहंस घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील नागठाण्याचे. लहानपणापासून गळा असा गोड, की लोकमान्य टिळकांनी त्यांचे गाणे ऐकून बालगंधर्व हे नाव दिले, अशी आठवण पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. कानाच्या दुखण्यामुळे कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मिरजेला डॉक्टर वॉनलेस यांच्या इस्पितळात पाठवले. मिरजेतच किर्लोस्कर नाटक मंडळीशी त्यांचा संबंध जुळला. कंपनीला त्या वेळी चांगल्या स्त्रीपार्टी नटाची फार गरज होती, कारण पूर्वीचे लोकप्रिय नट भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये वारले होते. १९०५ मध्ये मिरजेलाच नारायणराव शकुंतला होऊन प्रथम रंगभूमीवर आले. वय सतरा वर्षांचे.

मुलांच्या मनात इथे प्रश्न येईल की शकुंतलेचे काम मुलीने का केले नाही? त्या काळी प्रतिष्ठित घरातील स्त्रियांना नाटकात काम करण्याची मुभा नव्हती. नाटक पाहायला जाणेसुद्धा अनेक घरांत चालत नसे. म्हणून स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. ही त्या समाजाची अडचण होती, आणि तिचा भार कपड्यांवर पडे. पुरुषाचे खांदे, चाल, हात हे सारे लुगड्याच्या आत झाकायचे, आणि तरीही ते लुगडे नेसवलेले नव्हे तर नेसलेले वाटले पाहिजे.

आपल्या भागाचाही या गोष्टीशी संबंध आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला पहिले मराठी नाटक केले, ते आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्याकडून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून. यक्षगानाचा पोशाख तुम्ही पाहिला असेलच. मोठा मुकुट, छातीवर सोनेरी अलंकार, चकचकणारी भिंगे. हा चकचकाट उगीच नव्हता. मशाली आणि दिवट्यांच्या उजेडात दूर बसलेल्या माणसाला नट दिसला पाहिजे, यासाठी तो होता. सुरुवातीच्या मराठी पौराणिक नाटकांतही मुकुट आणि भडक वेष असत. पुढे अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये संगीत शाकुंतल आणले. अण्णासाहेब बेळगाव-धारवाडकडच्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसले यांनी ललितकलादर्श ही कंपनी १९०८ मध्ये काढली ती हुबळीत. थोडक्यात, मराठी संगीत नाटकाची मुळे शोधत निघालो तर आपल्याला पुण्याइतकेच हुबळी-बेळगावच्या गाडीत बसावे लागते.

आणि गाडीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त होईपर्यंत आपले कॅसलरॉक हे सरहद्दीवरचे स्टेशन होते. अलीकडे ब्रिटिशांचे राज्य, पलीकडे पोर्तुगीजांचे. जकातवाल्यांना सामान दाखवल्याशिवाय पुढे जाता येत नसे. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर यांच्यासारखे गोमंतकीय कलावंत मराठी रंगभूमीवर चमकले, त्या काळात गोव्यातून रेल्वेने घाटावर येण्याची वाट आपल्याच डोंगरातून होती. नाटक कंपन्यांचा सगळा पसारा तेव्हा रेल्वेने फिरे. पडदे, वाद्ये, भांडीकुंडी आणि कपड्यांच्या पेट्या. कंपनीत सर्वांत जपून कोणती पेटी उतरवली जात असेल, हे सांगायला नको.

किर्लोस्कर मंडळीत गोविंदराव देवलांनी नारायणरावांना अभिनयाचे धडे दिले. देवल तालमीच्या बाबतीत कडक. शब्द कसा टाकायचा, पाऊल कुठे थांबायचे, पदर कधी सावरायचा, यांवर त्यांची बारीक नजर असे. गाण्यात पुढे भास्करबुवा बखले गुरू लाभले. राजा रविवर्म्याची चित्रे तोवर छापखान्यातून निघून घराघरांतल्या भिंतींवर गेली होती. लोकांच्या मनातली शकुंतला, दमयंती, द्रौपदी कशी दिसते हे त्या चित्रांनी ठरवून टाकले होते. नारायणरावांना त्या चित्रांशी स्पर्धा करायची होती, आणि चित्र हलत नाही, पण नट हलतो. बसताना निऱ्या कशा पडतात, वळताना काठ कसा दिसतो, हे सगळे सांभाळावे लागते. नऊवारी लुगडे म्हणजे जवळजवळ नऊ वार कापड. त्याचा काष्टा, निऱ्या आणि पदर यांचा तोल चुकला तर दिमाखदार पैठणीही गाठोड्यासारखी दिसते.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या मानापमान नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करावा असे सर्वांनाच वाटत होते, पण जमलेल्या प्रेक्षकांना परत पाठवायला ते तयार झाले नाहीत. त्यांनी भामिनीचा शृंगार चढवला आणि ते रंगमंचावर गेले. हा प्रसंग नेहमी मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. मला मात्र तो वाचताना त्या रात्री त्यांना दागिने चढवणाऱ्या कपडेपटातल्या माणसाचा विचार येतो. त्याचे हात कसे चालले असतील!

योगायोग असा, की मानापमान हे नाटकच मुळी कपड्यांवर आणि दागिन्यांवर उभे आहे. श्रीमंत भामिनी पराक्रमी पण गरीब धैर्यधराला नाकारते, कारण त्याच्याजवळ धन नाही. पुढे ती वनमाला या नावाने साध्या वेषात त्याच्यासमोर वावरते आणि त्याच्या गुणांवर भाळते. म्हणजे एकाच नटाने एकाच रात्री दोन्ही वेष वापरायचे. आधी हिरे-मोती आणि भरजरी शालू, नंतर अंगावर जवळजवळ काही नाही. प्रेक्षकांना दोन्हींतली भामिनी आवडली पाहिजे, नाहीतर नाटकाचा मुद्दाच पोहोचत नाही. नारायणरावांनी हे साधले आणि त्या रात्रीपासून मानापमान गाजत राहिले.

१९१३ मध्ये नारायणराव, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. आता कपडेपटावर खर्च किती करायचा हे ठरवणारा दुसरा कुणी मालक नव्हता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांचा आश्रय मिळाला. १९१६ मध्ये खाडिलकरांचे स्वयंवर आले, त्यात नारायणराव रुक्मिणी झाले. भास्करबुवांच्या चाली, पुढे अहमदजान थिरकवांसारख्या तबलजींची साथ, आणि रंगमंचावर खरेखुरे उंची कापड.

खरेखुरे हा शब्द महत्त्वाचा आहे. नाटकात खोटी जर, काचेचे मोती, स्वस्त साटीन चालते, कारण प्रेक्षक लांब बसलेला असतो. नारायणरावांना हे मान्य नव्हते. प्रेक्षक हे आपले मायबाप आहेत, आणि मायबापांसमोर खोटे घालून जायचे नाही, अशी त्यांची वृत्ती होती. शालू, पैठण्या, दागिने, अत्तरे, बैठकीचे गालिचे, सगळे अस्सल हवे. यात हौस होती, पण नुसती हौस नव्हती. पैठणी कशी विणतात हे माहीत असेल तर ते पटते. पैठणीच्या पदरावरचे मोर, वेली, कमळे छापलेली किंवा भरलेली नसतात. विणकर वेगवेगळ्या रंगांच्या रेशमी धाग्यांच्या छोट्या कांड्या हाताने एकमेकांत अडकवून, ताण्यातच ती नक्षी उभी करतो. त्यामुळे पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. नट वळला, पदर उलटा पडला, तरी मागचे धागे लोंबत नाहीत. अस्सल जर गॅसबत्तीच्या प्रकाशात मऊ उजळते, खोटी जर टोचल्यासारखी चमकते. जड रेशमाची निरी पडते ती पडूनच राहते. हलके कापड पाऊल टाकले की उडते आणि आतला पुरुष दिसू लागतो. म्हणजे त्या उंची कापडाने नारायणरावांचे अर्धे काम केले.

आपल्याकडच्या कापडाचेही थोडे सांगायला हवे. तुमच्या आजीच्या कपाटात इरकल असेल. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलला विणले जाणारे हे लुगडे. त्याचा अंगाचा ताणा आणि लाल पदराचा ताणा हे वेगवेगळे असतात, आणि विणकर ते फाशांनी एकमेकांत गुंतवून जोडतात. गुळेदगुड्डचा खण आणि इरकल ही जोडी बेळगाव, हुबळी, कोल्हापूर या साऱ्या भागांत मराठी आणि कानडी घरांतून सारखीच चालली. रंगभूमीवर कोणत्या जातीच्या, कोणत्या ऐपतीच्या, कोणत्या गावच्या बाईने काय नेसावे, हे प्रेक्षकांतल्या प्रत्येक स्त्रीला अचूक कळत असे. तिथे चूक झाली असती तर ती कुणी पोटात घातली नसती.

उलट झाले असे, की स्त्रियाच त्यांचे अनुकरण करू लागल्या. बालगंधर्वांनी लुगडे कसे नेसले, केसांत फुले कशी माळली, नथ कशी घातली, याची चर्चा पुण्या-मुंबईच्या सुखवस्तू घरांतून होई. त्यांची स्त्रीवेषातील छायाचित्रे विकली जात, मालाच्या जाहिरातींवर त्यांची छबी झळके. स्त्रीने स्त्री कसे दिसावे हे एका पुरुषाकडून शिकावे, यात आज आपल्याला जरा विचित्र वाटेल, आणि वाटायलाही हवे. पण ज्या बायकांना घराबाहेर सुंदर नेसून मिरवण्याची सोय फारशी नव्हती, त्यांना थिएटरातली ती तीन-चार तासांची रात्र काय वाटत असेल, याचाही विचार करावा.

आता लेखातील सर्वांत महत्त्वाच्या लुगड्याकडे येतो. ते पैठणी नव्हते.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये वारले. त्यांचे एकच प्याला हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर, २० फेब्रुवारी १९१९ रोजी गंधर्व मंडळीने बडोद्याला रंगभूमीवर आणले. सुधाकर हा हुशार वकील दारूच्या आहारी जातो आणि त्याची बायको सिंधू हिचा संसार डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होतो. सिंधूची भूमिका नारायणरावांची. नाटकाच्या सुरुवातीला ती सुखवस्तू घरातली आहे. नंतर एकेक वस्तू जाते, आणि ती दळण दळून पोट भरते. अंगावर ठिगळे लावलेले जुने लुगडे.

ज्या नटाला लोक भरजरी शालूत पाहायला येत, त्याने फाटक्या लुगड्यात जात्यापाशी बसायचे होते. दागिना नाही, जर नाही, सुगंध नाही. पण पंधरा वर्षांत कापडाकडून जे काही ते शिकले होते, ते इथे उपयोगी पडले. गरिबीचे लुगडे कुठे विरते? जिथे बाई बसते तिथे, खांद्यावर जिथे पदर घासतो तिथे, आणि काठाजवळ. ठिगळ लावणारी बाई ते शक्यतो निऱ्यांत लपेल असे लावते. अब्रूदार बाई फाटके लुगडेही नीट नेसते, उलट जास्तच नीट नेसते. सिंधूची सारी अब्रू त्या नेसण्यात होती. प्रेक्षागृहात माणसे ढसाढसा रडत. दारूपायी मोडलेले संसार त्या काळी गावोगावी होते, आणि ते सिंधूचे लुगडे ओळखणाऱ्या बायका प्रेक्षकांत बसलेल्या असत. माझ्या मते बालगंधर्वांची सर्वांत मोठी वेषभूषा हीच, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य.

पण हा धडा त्यांनी हिशेबाच्या वहीत उतरवला नाही. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, खाडिलकरांचे द्रौपदी आले आणि त्याच्या थाटामाटावर कंपनीने अफाट पैसा ओतला. नाटकाला मात्र त्या मानाने यश आले नाही. तोवर टेंबे आणि बोडस हे दोघेही भागीदार कंपनी सोडून गेले होते. सगळा भार एकट्या नारायणरावांवर आला आणि कंपनी कर्जात बुडाली. आमच्या विश्वस्त मंडळींना अंदाजपत्रक म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगायचे असेल, तर गंधर्व मंडळीचे उदाहरण घ्यावे. मात्र पुढचा भागही सांगावा. चाहत्यांची मदत करण्याची तयारी असूनही त्यांनी ते कर्ज देणगीने फेडून घेतले नाही. वर्षानुवर्षे खेळ लावून, स्वतः रात्र रात्र उभे राहून त्यांनी ते फेडले.

त्याच धामधुमीत ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत संयुक्त मानापमान झाले. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र काम केले. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव वारले.

पुढचा काळ झपाट्याने बदलला. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि दुर्गाबाई खोटे पडद्यावर राणी तारामती झाल्या. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेच्या आंधळ्यांची शाळा या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी काम केले. स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या, आणि हे फार आधी व्हायला हवे होते. गंधर्व मंडळीचा कारभार १९३४ मध्ये थांबला. १९३५ मध्ये नारायणरावांनी प्रभातच्या धर्मात्मा चित्रपटात संत एकनाथांचे काम केले. साधे धोतर, उपरणे. चित्रीकरणाचे तंत्र त्यांना मानवले नाही आणि ते परत रंगभूमीकडे वळले. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या साध्वी मीराबाई चित्रपटात ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले, पण कॅमेरा जवळ येतो. दहाव्या रांगेतून जे लुगडे पन्नाशीतल्या पुरुषाला सुंदर स्त्री करते, ते कॅमेऱ्यासमोर तसे करू शकत नाही.

त्यानंतर त्यांच्या कंपनीत गोहरबाई कर्नाटकी आल्या. या आपल्या कर्नाटकातल्या, मातृभाषा कानडी, आणि बालगंधर्वांची गायकी त्यांनी अशी आत्मसात केलेली की ऐकणारे चकित होत. स्त्री भूमिका त्या करू लागल्या, आणि पुढे नारायणरावांनी त्यांच्याशी विवाह केला. यावरून लोकांनी दोघांना बरेच बोल लावले. वैभव गेले होते, पाय साथ देईनासे झाले होते. तरी १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कापडावर नारायणरावांनी काही लिहून ठेवले नाही. ते काम दुसऱ्यांनी केले. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये या समाजशास्त्रज्ञांनी भारतीय पोशाखावर ग्रंथ लिहिला, तो १९५१ मध्ये निघाला. मंगळूरच्या कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी तरुणपणी मृच्छकटिक या मूक चित्रपटात काम केले, आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ पासून अखिल भारतीय हस्तकला मंडळाचे काम पाहत देशभरातल्या विणकरांना बाजारपेठ मिळवून दिली. नारायणरावांची विद्या मात्र त्यांच्या हातांत आणि कपडेपटातल्या माणसांच्या हातांत होती, ती बरीचशी त्यांच्याबरोबरच गेली. २०११ मध्ये बालगंधर्व हा मराठी चित्रपट आला तेव्हा ते सारे शालू, दागिने, नेसणी छायाचित्रांवरून आणि आठवणींवरून पुन्हा उभे करावे लागले. त्या कामासाठी वेषभूषाकार नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराचे भूमिपूजन १९६२ मध्ये खुद्द नारायणरावांच्या हस्ते झाले होते. ते पुरे होऊन २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, उघडले गेले, पण ते पाहायला ते राहिले नव्हते. तिथे चित्रकार गोपाळ देऊसकर यांनी रंगवलेली त्यांची दोन पूर्णाकृती तैलचित्रे लावण्यात आली. एकात ते स्त्रीवेषात आहेत आणि दुसऱ्यात त्यांच्या नेहमीच्या पुरुषी पोशाखात.